तीस हजारांत हॉल देखणा करायचा आहे? क्रम, मापं आणि फसण्याच्या जागा

हॉल सजवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी दुकानात जातात. नवा सोफा, मोठं घड्याळ, भिंतीवर चिकटवायचा कागद, कोपऱ्यात ठेवायचा एखादा शोपीस, असं काहीबाही येतं आणि खोली आणखी भरून जाते. खोलीचं रूप खरं तर तीन गोष्टी ठरवतात: भिंतीचा पृष्ठभाग, दिव्यांचा उजेड आणि पडद्यांसारखं मोठं कापड. डोळ्यासमोर सतत हेच असतं, म्हणून पैसाही आधी इथे घाला. वस्तू विकत घेण्याची पायरी सगळ्यात शेवटी.

हिशोब नीट मांडता यावा म्हणून एक ठरावीक हॉल धरू. जुन्या इमारतीतला १० फूट × १५ फुटांचा हॉल, उंची साडेनऊ फूट, ६ फूट रुंदीची एक खिडकी, दोन दारं. आत एक लाकडी दिवाण, दोन लाकडी खुर्च्या, टीपॉय आणि टीव्ही. पुण्यात, डोंबिवलीत, नाशकात असे हॉल घरोघरी दिसतात. तुमची मापं वेगळी असतील, आकडेमोडीची रीत मात्र हीच.

तीस हजारांची वाटणी अशी: रंगकाम मजुरीसह १२,००० रुपये, दिवे आणि वायरिंग ३,५००, पडदे आणि रॉड ३,५००, दिवाण-खुर्च्यांचं पॉलिश आणि गादी-लोडांचं कापड ५,५००, सतरंजी २,५००, चित्रांच्या चौकटी १,५००, आणि १,५०० रुपये हाताशी राखून. दर गावागणिक बदलतील, तेव्हा आकड्यांपेक्षा प्रमाणाकडे लक्ष द्या. रंग स्वतः दिलात तर मजुरीचे पाच-सहा हजार वाचतात. ते शोपीसवर घालू नका, दिवाणाच्या गादीत चांगला फोम घाला.

सुरू करण्याआधी जमवायची कागदपत्रं

- सोसायटीच्या कार्यालयात दिलेला कामाचा अर्ज आणि त्याची पोचपावती. ड्रिल कोणत्या वेळेत चालवायचं आणि कचऱ्याची गोणी कुठे ठेवायची, हे त्याच वेळी विचारून घ्या.
- भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोक पाडायला आणि रंग बदलायला घरमालकाची लेखी संमती. तोंडी ‘करा की’ म्हटलेलं अनामत परत घेताना कोणाला आठवत नाही. काम सुरू होण्याआधी चारही भिंतींचे फोटो काढून ठेवा.
- शक्य असेल तर वायरिंगचा नकाशा. नसेल तर स्विचबोर्ड आणि दिव्यांच्या जागा दाखवणारं हाताने काढलेलं चित्र.

हत्यारं आणि सामान

५ मीटरची मोजपट्टी, स्पिरिट लेव्हल, मास्किंग टेप, ड्रिल आणि ६ मिलिमीटरचं बिट, पुट्टी लावायचा आणि खरवडायचा २ आणि ४ इंची पत्रा, ९ इंची रोलर, २ आणि ४ इंची ब्रश, १२०, १८०, २२० आणि ३२० नंबरचे पॉलिश पेपर, फरशी झाकायला जाड प्लास्टिक, आणि चढायला मजबूत घोडा. खुर्चीवर स्टूल ठेवून चढू नका.

१. आधी खोली रिकामी करा

हॉलमधलं उचलता येईल ते सगळं एका दिवसासाठी आतल्या खोलीत न्या. रिकाम्या खोलीतच कुठे ओल आहे, उजेड कुठून येतो आणि वायर कुठे लोंबते आहे ते दिसतं. परत आणताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही रोज वापरात आहे का, किंवा हिच्याकडे बघून खरंच बरं वाटतं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती हॉलमध्ये येणार नाही. लग्नातल्या भेटी, शाळेतल्या ट्रॉफ्या, औषधांच्या पिशव्या, चार्जर यांना एक बंद कपाट किंवा दिवाणाखालचा खण द्या. दिवाणाखाली जागा असेल तर ६ इंच उंचीचे चाकांचे दोन ट्रे करून घ्या, पण ते बाहेरून दिसता कामा नयेत.

चपलांचा प्रश्न इथेच सोडवा. दार उघडताच चपलांचा ढीग दिसत असेल तर पुढच्या सगळ्या खर्चाची शोभा दारातच जाते. अरुंद जागेसाठी ७ ते ८ इंच खोलीचं, भिंतीलगत बसणारं, तिरप्या कप्प्यांचं चपलांचं कपाट मिळतं.

२. जमिनीवर टेपने आखून बघा

फर्निचर हलवण्याआधी मास्किंग टेपने त्याची मापं फरशीवर आखा आणि दोन दिवस त्यातून चालून बघा. चालायची वाट किमान ३० इंच हवी. दिवाण आणि टीपॉय यांच्यात १६ ते १८ इंच ठेवा, म्हणजे गुडघा अडकत नाही आणि कपही हाताशी येतो. टीपॉयची उंची बैठकीएवढी किंवा एखादा इंच कमी असावी.

सगळं सामान भिंतीला चिकटवून मध्ये मोकळं मैदान सोडायची आपल्याकडे सवय आहे. त्यामुळे समोरासमोर बसलेली माणसं १० फूट लांब पडतात आणि बोलणं मोठ्या आवाजात होतं. दोन खुर्च्या भिंतीपासून फूटभर पुढे घेऊन दिवाणाकडे किंचित वळवा. खोली लहान दिसत नाही, उलट बैठक एकत्र आल्यासारखी वाटते.

३. भिंत काय म्हणते ते आधी ऐका

रंगकाम फसतं ते बहुतेक वेळा जुन्या थरामुळे, रंगामुळे क्वचितच. म्हणून तीन तपासण्या करा.

पहिली ओलीची. एक फूट × एक फूट जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवा आणि २४ तास ठेवा. काढल्यावर आतल्या बाजूला दव किंवा भिंतीवर गडद डाग दिसला, तर ओल भिंतीतून येते आहे. अशा भिंतीला रंग देऊ नका. बाहेरची भेग, वरच्या मजल्याचं न्हाणीघर किंवा गळकी पाइपलाइन दुरुस्त करा आणि भिंत पुरती सुकू द्या. पावसाळ्यानंतर भिंतींना सुकायला वेळ लागतो, त्यामुळे दसरा-दिवाळीची घाई असली तरी ओल्या भिंतीवर पुट्टी चढवू नका. ती पोपडे धरून सुटते आणि सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

दुसरी लोण्याची, म्हणजे भिंतीतून फुटणाऱ्या क्षारांची. भिंतीवर पांढरी पूड फुलली असेल तर ती कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका. पाण्याबरोबर क्षार पुन्हा आत जातात आणि आठवड्याभरात परत बाहेर येतात.

तिसरी जुन्या रंगाची. ओला तळहात भिंतीवरून जोरात फिरवा. हाताला खडूसारखा रंग लागला तर तो डिस्टेंपर किंवा चुना आहे. त्यावर थेट इमल्शन मारलं की नवा रंग जुन्या सैल थराला धरतो आणि दोघे मिळून पापुद्र्यासारखे सोलले जातात. ‘घासायची गरज नाही, वरून चालतं’ असं रंगारी म्हणाला तरी ऐकू नका. जुना थर पत्र्याने खरवडून, धुऊन, वाळवून मगच प्रायमर द्या. भिंतीला तेलरंगाची चमक असेल तर १८० नंबरच्या पेपरने घासून ती पूर्ण मारावी लागते, नाहीतर नवा रंग पकड घेत नाही.

४. भेगा आणि पुट्टी

केसासारखी भेग नुसती वरून भरली की महिन्याभरात पुन्हा दिसते. पत्र्याच्या टोकाने तिला इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात ३ ते ५ मिलिमीटर उघडा, धूळ काढा, प्रायमरचा हात द्या आणि मग भेगा भरायचं लवचीक फिलर भरा. कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली उभी भेग जुनाट असते, कारण दोन्ही बांधकामं उन्हात वेगवेगळी फुगतात. तिथे फिलरवर जाळीची फायबर पट्टी बसवा आणि त्यावर पुट्टीचा पातळ हात द्या.

पुट्टी एकदम जाड भरू नका. दोन पातळ थर, मध्ये पूर्ण वाळणं, आणि शेवटी २२० नंबरच्या पेपरने घासणं. घासताना खोलीतला मोठा दिवा बंद करून भिंतीलगत विजेरी आडवी धरा. समोरच्या उजेडात गुळगुळीत वाटणारी भिंत अशी बघितली की प्रत्येक खड्डा सावली टाकतो. रंगाऱ्याकडून काम करून घेत असाल तर ही तपासणी त्याच्या समोरच करा आणि समाधान झाल्यावरच पुढच्या हाताला हो म्हणा.

५. रंग: किती, कोणता, कसा

आपल्या हॉलची परिमिती ५० फूट, उंची साडेनऊ, म्हणजे ४७५ चौरस फूट. दारं-खिडकी वजा करता सुमारे ४१० उरतात. चांगलं आतल्या भिंतींचं इमल्शन एका लिटरमध्ये एका हाताला साधारण १२० ते १४० चौरस फूट पसरतं, म्हणजे दोन हातांना ६५ च्या आसपास. भिंतींना सव्वासहा लिटर लागतं, ७ घ्या: ४ लिटरचा एक डबा आणि १ लिटरचे तीन. छताला १५० चौरस फुटांसाठी पांढऱ्याचा ४ लिटरचा डबा पुरून उरतो. प्रायमर ४ लिटर.

रंगाचा तुकडा कार्डावर बघून ठरवू नका. सर्वांत छोटा डबा आणून २ फूट × २ फुटांचे पट्टे दोन वेगवेगळ्या भिंतींवर द्या आणि सकाळी ८, दुपारी ४ आणि रात्री दिवा लावून बघा. पश्चिमेच्या खिडकीत दुपारनंतर ऊन आलं की बदामी रंग केशरट दिसतो. उत्तरेच्या खोलीत तोच रंग मळकट वाटतो, तिथे थोडी पिवळसर झाक असलेला पांढरा बरा. कमी खर्चात भारदस्त दिसायचं असेल तर चारही भिंतींना एकच मऊ रंग द्या: ताकासारखा, ओल्या वाळूसारखा किंवा फिकट राखाडी-हिरवा. एकच भिंत गडद जांभळी किंवा चकाकत्या टेक्स्चरची केली की सामान आणि ती भिंत एकमेकांशी भांडतात, आणि वर्षभरात ती जुनी दिसू लागते. फिनिश मॅट किंवा अगदी हलक्या चमकेचं घ्या. जुन्या भिंतीचे उंचवटे चमकदार रंगात जास्त उठून दिसतात.

सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. एकाच शेडच्या दोन डब्यांत किंचित फरक असला तर भिंतीच्या मधोमध जोड दिसतो. पाणी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला. रंग वाचवायला जास्त पाणी घातलं की आवरण कमी बसतं आणि दोनाच्या जागी तीन हात द्यावे लागतात. रंगाऱ्याला सामान देणार असाल तर रिकामे डबे दाखवून हिशोब द्यायला सांगा.

क्रम: छत, मग भिंती, शेवटी दारं-खिडक्या. कडा आधी २ इंची ब्रशने घ्या आणि त्या ओल्या असतानाच शेजारी रोलर फिरवा, नाहीतर कडेला चौकट आखल्यासारखी पट्टी दिसते. दोन हातांत निदान ४ तास, दमट हवेत ६. मास्किंग टेप शेवटचा हात थोडा ओला असतानाच काढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो.

६. उजेड

बहुतेक घरांत हॉलच्या भिंतीला एकच पांढरा-निळसर पट्टी दिवा असतो. तो ६,५०० केल्विनचा असतो (उजेड पिवळसर की निळसर हे सांगणारा आकडा; जितका मोठा तितका निळसर). अभ्यासाला तो ठीक आहे, पण बैठकीत त्याने चेहरे फिके दिसतात आणि चांगला रंगही थंड वाटतो. एकाच जागेहून उजेड आल्यामुळे सावल्याही कडक पडतात. यावर उपाय म्हणजे उजेड तीन ठिकाणी वाटणं.

आपल्या हॉलसाठी एकूण २,००० ते २,७०० लुमेन (उजेड मोजायचं माप) पुरेत. ९ वॉटचा चांगला एलईडी बल्ब सुमारे ९०० लुमेन देतो. छतातून एक, दिवाणाच्या बाजूच्या भिंतीवर एक, आणि खुर्चीजवळ उभा किंवा टीपॉयवरचा दिवा एक. तिघांचा रंग ३,००० केल्विनच हवा. एक पिवळसर आणि दुसरा निळसर असेल तर खोली दोन तुकड्यांत विभागल्यासारखी दिसते आणि भिंतीचा रंगही दोन प्रकारचा भासतो. पाकिटावर रंगदर्शकाचा (सीआरआय) आकडा शोधा. तो ८० च्या वर असावा, ९० असला तर उत्तम. कापड, लाकूड आणि जेवणाचे पदार्थ खरे कसे आहेत ते यावर कळतं. जुना पट्टी दिवा काढून टाकू नका, साफसफाई आणि मुलांच्या अभ्यासासाठी वेगळ्या बटणावर राहू द्या.

दिवा घेताना बल्बचं बूड तपासा. आपल्या घरातले होल्डर बहुधा खिळ्यांचे, म्हणजे बी-२२ असतात. दुकानातल्या देखण्या उभ्या दिव्यांना बहुतेक वेळा आट्यांचं ई-२७ लागतं. चुकीचा बल्ब घरी आला की परत चक्कर.

नवा पॉइंट काढायचा असेल तर रंगाच्या आधी, आणि परवानाधारक वायरमनकडूनच. लोंबत्या वायरी हे लहान हॉलचं सर्वांत मोठं दुखणं. टीव्हीमागून उतरणाऱ्या वायरी २५ मिलिमीटरच्या केसिंग पट्टीत घाला आणि पट्टीला भिंतीचाच रंग द्या. दोन-तीनशे रुपयांत इतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. एक्स्टेन्शनची वायर सतरंजीखालून नेऊ नका. पायाखाली ती घासली जाते, तापते आणि आग लागू शकते.

७. पडदे: सर्वांत जास्त फसवणारी पायरी

तयार पडदे ५, ७ आणि ९ फुटांत मिळतात, त्यामुळे खिडकीवर ५ फुटी पडदा लावून तो खिडकीच्या खालच्या कडेजवळ लटकत ठेवणं घरोघरी दिसतं. अशाने खिडकी लहान दिसते आणि छत खाली आल्यासारखं वाटतं. रॉड खिडकीच्या चौकटीला न लावता वर, जमिनीपासून साडेआठ फुटांवर लावा आणि पडदा फरशीपासून अर्धा इंच वर थांबू द्या. उभी रेष वर गेली की साडेनऊ फुटी खोलीही उंच भासते.

रॉडची लांबी: खिडकी ७२ इंच, दोन्ही बाजूंना ८ इंच वाढवा, म्हणजे ८८ इंच. पडदे उघडल्यावर ते भिंतीवर जमतात आणि काच पूर्ण मोकळी राहते. ६ फुटांपुढच्या रॉडला मधला आधार लागतोच, नाहीतर तो खाली वाकतो.

कापड: चुण्या नीट पडायला रॉडच्या दुप्पट रुंदी हवी. ८८ ची दुप्पट १७६ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच असेल तर ४ पाट. प्रत्येक पाटाची लांबी साधारण १०२ इंच आणि त्यात वरच्या दुमडीला ४ व खालच्या दुमडीला ६ इंच मिळवून ११२ इंच होते. चार पाटांचे ४४८ इंच, म्हणजे साडेअकरा मीटरच्या आसपास. सुती कापड धुतल्यावर आखडतं, म्हणून १२ मीटर घ्या आणि शिवण्याआधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच शिंप्याकडे द्या. ‘कापड धुतलेलं आहे’ असं दुकानदार म्हणाला तरी धुवा. पहिल्या धुलाईनंतर तीन इंच वर सरकलेला पडदा दुरुस्त करता येत नाही.

इचलकरंजीचं साधं, मळखाऊ पांढरं किंवा भिंतीपेक्षा एक छटा गडद सुती कापड यासाठी छान बसतं. मोठ्या फुलांचे नमुने, सोनेरी झालरी आणि चकचकीत सॅटिन टाळा. पश्चिमेचं ऊन येत असेल तर मागे मांजरपाटाचं अस्तर द्या. रंग टिकतो आणि पडद्याचा झोकही जड होतो. वरच्या धातूच्या कड्यांची संख्या प्रत्येक पाटाला सम ठेवा, ८ योग्य. विषम झाली की एक कड भिंतीकडे आणि दुसरी खोलीकडे वळते.

८. जुनं लाकूड जिवंत करा

दिवाण, खुर्च्या, टीपॉय सागवानी किंवा शिसवी असतील तर ते विकून भुशाच्या फळीचं नवं फर्निचर घेऊ नका. जुन्या लाकडाचा सांगाडा अजून वीस वर्षं चालेल, बिघडलेली असते ती फक्त वरची झिलई.

झिलई कोणती ते आधी ओळखा. दिवाणाच्या मागच्या पायावर, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मिनिटभर दाबून धरा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे. ते घरीच नव्याने देता येतं. काहीच झालं नाही तर ते मेलामाइनसारखं कडक आवरण आहे. ते पूर्ण घासून काढल्याशिवाय वर फ्रेंच पॉलिश देऊ नका.

फ्रेंच पॉलिशची कृती: १२५ ग्रॅम चपडा लाख १ लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा. लोखंडी डब्यात ठेवू नका, द्रव काळवंडतो. सकाळी ढवळून मलमलीतून गाळा. लाकूड कोमट साबणपाण्याच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून वाळवा, मग १८० आणि नंतर ३२० नंबरच्या पेपरने नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. आडवं घासलं की ओरखडे उमटतात आणि पॉलिशखाली ते दुप्पट दिसतात. धूळ पुसा.

कापसाचा बोळा जुन्या, पुष्कळदा धुतलेल्या मलमलीत गुंडाळून पुरचुंडी करा. ती द्रवात बुडवून पिळा. थेंब गळत असेल तर ती फार ओली आहे. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एकाच सलग हालचालीत ओढा आणि जिथून गेलात तिथे लगेच परत जाऊ नका. खालचा थर चिकट होऊन पुरचुंडी अडकते आणि कापसाचे तंतू लाकडावर उरतात. १५ ते २० मिनिटांत हात वाळतो. असे ६ ते ८ हात द्या आणि दर तिसऱ्या हातानंतर ३२० च्या झिजलेल्या पेपरने अलगद घासा. दिवाण, दोन खुर्च्या आणि टीपॉयला एक लिटर पुरतं.

दोन गोष्टी जपा. पावसाळ्यात हे काम करू नका, हवेतला दमटपणा थरात अडकून पृष्ठभाग पांढुरका पडतो. आणि स्पिरिट लगेच पेट घेतं, तेव्हा काम चालू असताना देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस सगळं बंद ठेवा आणि खिडक्या उघड्या ठेवा. वापरलेली फडकी घडी करून टाकू नका, पसरून वाळवा. टीपॉयवर चहाचा गरम कप थेट ठेवला तर लाखेवर पांढरं वर्तुळ पडतं. वर काच ठेवा किंवा कपाखाली काही ठेवायची सवय लावा.

९. दिवाणाची गादी आणि लोड

७२ × ३० इंचाच्या दिवाणाला ४ इंच जाडीचा फोम लागतो. घनता किमान ३२ (किलो प्रति घनमीटर) घ्या. याहून हलका फोम वर्षभरात मध्ये खड्डा धरतो. वरच्या कापडाचा पन्हा ५४ इंच असेल तर एका ७४ इंच लांब तुकड्यातून वरचा भाग ३१ इंचांत निघतो आणि उरलेल्या २३ इंचांतून बाजूंच्या ५ इंची पट्ट्या. खालची बाजू मांजरपाटाची करा, ती कोणाला दिसत नाही. म्हणजे वरच्या कापडाचे सव्वादोन मीटर पुरतात. चेन मागच्या लांब बाजूला, पूर्ण लांबीची लावायला सांगा. आखूड चेनमधून फोम आत घालताना टाके उसवतात.

दोन लोड, २८ इंच लांब आणि ९ इंच व्यासाचे. प्रत्येकाला ३० इंच कापड लागतं, टोकांची वर्तुळंही त्यातच निघतात. गादी आणि लोड एकाच साध्या कापडाचे ठेवा आणि नक्षी चार उश्यांवर येऊ द्या: खणाचं कापड, इकत, किंवा जुन्या पैठणीचा न फाटलेला पदर. उशीचा अभ्रा १६ इंचाचा असेल तर आतली उशी १७ किंवा १८ इंचाची घ्या. अभ्र्याएवढीच उशी घातली की कोपरे रिकामे लोंबतात.

१०. सतरंजी, चौकटी आणि बाकी

सतरंजी लहान घ्यायची चूक फार जण करतात. ३ × ५ फुटांचा तुकडा टीपॉयखाली पायपुसण्यासारखा दिसतो. ५ × ७ ची घ्या, दिवाणापेक्षा ती लांब हवी आणि दिवाणाचे व खुर्च्यांचे पुढचे पाय तिच्यावर यावेत. मुंबई-कोकणच्या दमट हवेत सुती सतरंजी बरी, धुता येते. गुळगुळीत टाइल्सवर खाली न घसरणारी जाळी घाला, विशेषतः घरात ज्येष्ठ माणसं असतील तर.

दिवाणाला पाठ नसते, म्हणून चौकटी जरा उंच हव्यात. टेकून बसलेल्याचं डोकं लागू नये यासाठी चौकटीची खालची कड जमिनीपासून ५२ इंचांवर ठेवा. १२ × १६ इंचाच्या तीन चौकटी, मध्ये ३ इंच, म्हणजे एकूण ४२ इंच रुंदी. ७२ इंची दिवाणावर ती प्रमाणात बसते आणि मध्य बरोबर ६० इंचांवर, डोळ्याच्या पातळीला येतो. आधी वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे टेपने लावून लांबून बघा, मग भोक पाडा. आत आजी-आजोबांचा जुना फोटो लावायचा तर मूळ फोटो कपाटात ठेवा आणि स्कॅन करून त्याची प्रत लावा. पालघरकडच्या कलाकारांचं छोटं वारली चित्रही सुरेख दिसतं. चित्राभोवती २ इंचांची पांढरी कड सोडली की साधी चौकटही जपून केल्यासारखी वाटते.

भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल चालवू नका. आतल्या वायरी बहुतेक उभ्याच जातात. बिट अजिबात आत जात नसेल तर समोर आरसीसी, म्हणजे सळ्यांचं काँक्रीट आहे, जागा दोन-चार इंच सरकवा. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत स्क्रू धरणारी साधी गट्टी सैल होते, त्यासाठी वेगळी नायलॉनची गट्टी मिळते, दुकानदाराला भिंतीचा प्रकार सांगून घ्या.

घरात माळ्यावर तांब्याचं घंगाळ किंवा पितळी डबा पडला असेल तर तो काढा. चिंच आणि मिठाने घासा, धुऊन लगेच कोरडं पुसा. घंगाळात माती थेट भरू नका, तांब्याला हिरवं चढतं आणि मुळांनाही ते चांगलं नाही. झाड प्लास्टिकच्या कुंडीतच राहू द्या आणि ती आत ठेवा. कमी उजेडात स्नेक प्लांट टिकतं, त्याला पाणी माती पूर्ण कोरडी झाल्यावरच. एका वेळी एकच मोठं झाड. चार छोट्या कुंड्या पसारा वाटतात.

राखून ठेवलेले १,५०० रुपये पंधरा दिवस हातात ठेवा. रोज संध्याकाळी दिवे लावून खोलीत बसा. एखादा कोपरा अंधारा वाटेल, कुठे कप ठेवायला जागा नसेल, कुठे पाय थंड फरशीवर येत असेल. जे सतत टोचतं त्यावरच ते खर्च करा. आणि भिंतीचा उरलेला रंग झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून, बाहेर कंपनीचा शेड क्रमांक आणि तारीख लिहून कपाटात ठेवा. दिवाण हलवताना भिंतीला खरवड लागली की तोच रंग कामी येतो.